रोज पंधरा मिनिटं: इर्ना फिलिप्स यांच्या पद्धतीने श्राव्य मालिका कशी लिहावी

शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओ स्टेशनवर २० ऑक्टोबर १९३० रोजी ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची पंधरा मिनिटांची मालिका सुरू झाली. मदर मॉयनिहान ही आयरिश आई, तिची मोठी झालेली मुलगी आणि त्यांच्याकडे राहणारी एक भाडेकरू मुलगी, एवढाच त्यातला संसार. लिहिणाऱ्या बाईंचं नाव इर्ना फिलिप्स, वय २९. त्याआधी त्या ओहायोतल्या डेटन शहरात शिक्षिका होत्या. मालिकेतल्या आईचं कामही त्याच करायच्या. दिवसा लागणाऱ्या ज्या मालिकांना पुढे साबणाच्या जाहिरातींमुळे ‘सोप ऑपेरा’ हे नाव चिकटलं, त्यांची सुरुवात साधारण इथून धरतात. बाईंचीच ‘द गायडिंग लाइट’ २५ जानेवारी १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, मधल्या काळात टीव्हीवर गेली आणि १८ सप्टेंबर २००९ ला संपली. बहात्तर वर्षं एक गोष्ट चालली!

हल्ली मराठीत घरच्या घरी, फोनवर रेकॉर्ड करून श्राव्य मालिका काढणारे पुष्कळ आहेत. बहुतेकांचं गाडं दहाव्या-बाराव्या भागाला रुततं. आवाज बरे असतात, संगीतही बरं असतं, पण मजकूरच उरत नाही. माझ्या मते याचं कारण एकच: ते घटना लिहितात. रोजच्या मालिकेला घटना फारशा लागत नाहीत. घडलेली गोष्ट कोणाला कळली, कोणापासून लपवली आणि कळल्यावर कोण काय बोललं, हे लागतं. फिलिप्सबाईंनी आयुष्यभर तेच लिहिलं. खालच्या पायऱ्या त्यांच्या कामातून काढलेल्या आहेत. जिथे त्यांचं अनुकरण करू नये असं वाटतं, तिथे तसंही सांगितलं आहे.

पहिली पायरी: ऐकणाऱ्याचे हात कशात गुंतलेत ते ठरवा

१९३० च्या सुमाराला रेडिओवाल्यांचा सगळा जीव संध्याकाळच्या कार्यक्रमांत असायचा. दिवसाचा वेळ पडीकच, असाच समज होता. पण दिवसा घरात बाई असते, ती कपडे धूत असते, भाजी चिरत असते आणि महिन्याचं वाणसामान तीच आणते, हे साबणवाल्या आणि पिठवाल्या कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आलं. जनरल मिल्स, पिल्सबरी, प्रॉक्टर अँड गॅम्बल ही बाईंच्या मालिकांचा खर्च उचलणारी नावं. मंदीची वर्षं होती. गोष्ट घरबसल्या, फुकट ऐकायला मिळत होती.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ऐकणारीचे हात मोकळे नव्हते आणि कानही अर्धाच मोकळा होता. मध्येच दुधाचं पातेलं उतरवायला ती उठणार, दारात कोणी आलं तर जाणार. म्हणून या मालिकांत एकही महत्त्वाची गोष्ट एकाच वाक्यात ठेवलेली नसे. तीच बातमी दोन-तीन तोंडांनी, दोन-तीन दिवसांत येई. त्या काळचे टीकाकार या संथपणाची टर उडवत. बाईंना त्याचं काही वाटत नसावं, कारण दोन भाग चुकलेली बाई तिसऱ्या भागाला गोष्टीत परत शिरू शकते की नाही, हा त्यांचा हिशेब होता.

तुम्हीही एक माणूस पक्का करा. डोंबिवलीहून दादरला लोकलने जाणारा असेल तर कुजबुजीचे प्रसंग बाद, कारण गाडीच्या खडखडाटात ते ऐकूच जाणार नाहीत. रात्री अंथरुणावर पडून ऐकणारी असेल तर कुजबूज चालेल, पण अचानक वाजणारी दाराची बेल नको. पोळ्या लाटताना ऐकणारी असेल तर तिला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही, हात पिठाचे असतात. हे एकदा ठरलं, की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

दुसरी पायरी: उघड्या दाराचं घर आणि मोजके आवाज

बाईंच्या मालिकांच्या मध्यभागी कोण असायचं ते पाहा. ‘पेंटेड ड्रीम्स’मध्ये आई आणि भाडेकरू. १९३२ साली सुरू झालेल्या ‘टुडेज चिल्ड्रन’मध्ये मदर मोरन, म्हणजे नाव बदललेली तीच आई. ‘द गायडिंग लाइट’मध्ये रेव्हरंड रुथलेज हे धर्मोपदेशक. त्यांच्या खिडकीत दिवा लावलेला असे, अडलेल्याने तो पाहून आत यावं म्हणून. मालिकेचं नावही त्यावरूनच. ‘द रोड ऑफ लाइफ’मध्ये डॉक्टर, ‘वुमन इन व्हाइट’मध्ये नर्स.

डॉक्टर, वकील, धर्मोपदेशक ही मंडळी दिवसाच्या मालिकेत रुळवण्याचं श्रेय बाईंना देतात. पण त्यांनी हे पेशे प्रतिष्ठेसाठी निवडले, असं मला वाटत नाही. या लोकांच्या दारात अनोळखी माणूस कधीही येऊ शकतो आणि आला की आपली अडचण बोलून दाखवतो. नवी गोष्ट आत आणायला निमित्त शोधावं लागत नाही. तेव्हा मध्यवर्ती पात्र निवडताना स्वतःला एवढंच विचारा: याच्या दारात लोक कशासाठी येतात? पोळीभाजी केंद्र चालवणारी, शिवणकाम करणारी, सोसायटीची सेक्रेटरी, गावातली आशा सेविका, सगळ्या चालतील. दिवसभर एकटाच संगणकासमोर बसणारा नायक नको. त्याच्याकडे कुरिअरवाल्याखेरीज कोणी येत नाही.

एका भागात आवाज दोन, फार तर तीन. कानाला चौथा माणूस लक्षात ठेवायला जड जातो. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावोजी या तीनच आवाजांनी अख्खा काळ निभावला. तो कार्यक्रम सलग कथेचा नव्हता, पण आवाजांच्या निवडीचा धडा म्हणून त्याच्याइतकं जवळचं उदाहरण नाही. तिघांपैकी कोणी नुसतं ‘हं’ म्हणालं तरी कोण बोललं ते कळायचं.

लिहिण्याआधीच प्रत्येक पात्राला बोलण्याची एक सवय द्या. एक जण प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो. एकीचं वाक्य कधी पुरंच होत नाही. एक जण नेहमी आकडे सांगतो. तकियाकलाम मात्र देऊ नका, आठवडाभरात त्याचा वीट येतो.

तिसरी पायरी: भिंतीवरचा तक्ता

१९४० च्या दशकात बाईंच्या एकाच वेळी चार-पाच मालिका चालू होत्या. वर्षाला वीस लाख शब्द लिहितात आणि अडीच लाख डॉलर कमावतात, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जायचं. वीस लाख म्हणजे रविवारसुद्धा न सोडता रोजचे जवळपास साडेपाच हजार शब्द. हे सगळं डोक्यात राहणं शक्यच नाही. कोणत्या मालिकेत कोण कुठवर आलं आहे, याचा मोठा तक्ता त्या समोर ठेवत.

तुमचा हिशेब करून पाहा. आठवड्याला पाच भाग धरले तर वर्षाचे २६०. पंधरा मिनिटांच्या भागातून सुरुवात, शेवट आणि जाहिरात वजा केली तर बोलायला अकरा-बारा मिनिटं उरतात. थांबे धरून त्यात साधारण बाराशे शब्द बसतात. म्हणजे वर्षाला तीन लाखांहून जास्त. नवशिक्याने पाचाच्या नादी न लागता आठवड्याला दोन भाग केले तरी चालेल, फक्त वार बदलायचे नाहीत.

तक्त्यावर तीन ओळी आखा. पहिल्या ओळीत या महिन्यात पिकणारी गोष्ट, दुसरीत पुढच्या महिन्यासाठी मुरत घातलेली, तिसरीत नुसतं बी. पहिली संपेल त्या आठवड्यात दुसरी वर सरकते. कोणत्या ओळीला किती वेळ द्यायचा, याची वाटणी अगदी काटेकोर पाळायची गरज नाही, पण तिसरी ओळ रिकामी राहिली की समजा, दीड महिन्यात तुम्हाला अपघात नाही तर स्मृतिभ्रंश आणावा लागणार. स्मृतिभ्रंशाची युक्ती अमेरिकी सोप ऑपेरांनी इतकी वापरली, की पुढे तिचा विनोदच झाला.

तक्त्यावर खऱ्या तारखाही लिहा. मालिकेतला गणपती आणि ऐकणाऱ्याच्या घरातला गणपती एकाच दिवशी बसला पाहिजे. या मालिका ऐकणाऱ्यांच्या दिनदर्शिकेबरोबर चालत. अमेरिका युद्धात उतरली त्यानंतर, १९४२ मध्ये, बाईंनी ‘लोनली विमेन’ काढली. घरातले पुरुष लांब गेलेल्या बायकांची गोष्ट.

चौथी पायरी: घटना एक, बातम्या दहा

सगळा खेळ इथे आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

मिरजेत रेल्वे स्टेशनजवळ नलूमावशींचं घर. मुलगा सुहास कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला, सून मेधा, धाकटे दीर अण्णा, आणि माडीवर भाड्याने राहणारी नर्स शुभदा. घटना अशी: सुहासची नोकरी गेली आहे. घरात सांगायची हिंमत नाही, म्हणून तो रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळी परत येतो.

नोकरी गेल्याचा प्रसंग लिहायचाच नाही. मॅनेजरची केबिन नको, भांडण नको. पाच माणसं आहेत, म्हणजे दोघादोघांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत या बातमीचं बोलणं वेगळं होणार. दहा प्रसंग तर इथेच मिळाले.

सोमवारी शुभदा सकाळपाळी आटोपून येताना सुहासला भर दुपारी स्टेशनच्या बाकावर बसलेला पाहते. ऐकणाऱ्याला हे तिच्या आणि सुहासच्या बोलण्यातून कळतं. तो म्हणतो, ‘ताई, घरी बोलू नका.’ मंगळवारी शुभदा मेधाला आडून विचारते, ‘सुहासरावांची पाळी बदललीय का हो?’ मेधा म्हणते, ‘नाही बाई, जनरल शिफ्टच आहे.’ बुधवारी अण्णा पतसंस्थेतून ऐकून येतात की कर्जाचा हप्ता चुकला, आणि ते नलूमावशींना न सांगता सुहासला गाठतात. गुरुवारी डब्यातली भाजी तशीच परत आल्याचं नलूमावशींच्या नजरेला येतं. शुक्रवारी त्या सुनेला समोर बसवतात, आणि मेधा शेवटच्या वाक्यात म्हणते, ‘मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे, आई.’

आठवड्याभरात नवीन असं काहीच घडलं नाही. पण शनिवार-रविवार ऐकणारा विचार करत राहील, की माहीत होतं तर ही रोज डबा का भरत होती? पुढच्या सोमवारचा भाग तिथूनच निघतो. लोकांना वाटतं, भागाचा शेवट म्हणजे किंकाळी किंवा गोळीचा आवाज. खरं तर ‘कोणाला काय माहीत आहे’ याची मांडणी एका वाक्याने उलटली, की शेवट झाला.

यासाठी एक वही करा. डावीकडे तारखा, वर पात्रांची नावं. ज्याला बातमी कळली त्याच्या चौकटीत टिंब. ज्याला कळल्याचं दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे, त्याच्या टिंबाला गोल. ही वही नसेल तर चाळिसाव्या भागात एखादं पात्र जे त्याला कळलेलंच नाही ते बोलून जातं, आणि नेमका तोच भाग एखादी चौकस बाई लक्ष देऊन ऐकत असते.

पाचवी पायरी: लिहू नका, बोला

फिलिप्सबाई टंकलेखन यंत्रापुढे बसत नसत. सगळ्या पात्रांची वाक्यं त्या स्वतः करून दाखवत बोलत जायच्या आणि त्यांच्या सेक्रेटरी ती उतरवून घ्यायच्या. त्यांना मुळात नटीच व्हायचं होतं. रंगभूमीला लागणारं रूप तुमच्याकडे नाही, असं विद्यापीठात ऐकवल्यावर त्या शिक्षकी पेशाकडे वळल्या. ती हौस त्यांनी अशी वसूल केली.

तुमच्याकडे सेक्रेटरी नसेल, फोन आहे. फिरत फिरत, दोन्ही आवाजांत, पूर्ण प्रसंग बोलून रेकॉर्ड करा आणि मग उतरवा. मराठी बोलून टंकित करण्याची सोयही आता बरी चालते, विरामचिन्हं तेवढी घालावी लागतात. उतरवताना एक मोह टाळा: बोलताना निघालेलं ‘अगं ते हे नाही का’ पुसून त्या जागी शुद्ध वाक्य घालू नका.

गुरुवारचा प्रसंग साधारण असा उतरेल:

(नळाचं पाणी. भांड्यांचा आवाज.)

नलूमावशी: मेधा, डबा जड कसा गं लागतोय आज?

मेधा: असू दे आई, ठेवा तिथेच. मी घासते.

(झाकण उघडल्याचा आवाज.)

नलूमावशी: भाजी तशीच. पोळ्या तशाच. चटणी तेवढी संपलीय.

मेधा: कुणाचा तरी वाढदिवस असेल कंपनीत. कँटीनला जेवले असतील.

नलूमावशी: कालपण होता का वाढदिवस?

(पाणी वाहतंय.)

नलूमावशी: आधी तो नळ बंद कर, मेधा.

(नळ बंद. शांतता.)

या एवढ्याशा तुकड्यात काय काय केलंय ते पाहा. पहिल्या दोन वाक्यांत दोघींची नाती कळली, कारण एकीने नाव घेतलं आणि दुसरीने ‘आई’ म्हटलं. जागा सांगावी लागली नाही, नळाने सांगितली. डब्यात काय आहे ते मावशी बोलून दाखवते, कारण ऐकणाऱ्याला डबा दिसत नाही. पण ती संतापाच्या ओघात बोलते, म्हणून ते वर्णन वाटत नाही. ‘चटणी तेवढी संपलीय’ हे माझं आवडतं वाक्य, कारण त्यात सुहास दिसतो: स्टेशनच्या बाकावर बसून नुसती चटणी चाटणारा माणूस. आणि नळाचा आवाज मुद्दाम चालू ठेवला, तो बंद झाल्यावरची शांतता मिळावी म्हणून. एका प्रसंगाला असा एकच आवाज पुरे. पंखा, कुकरची शिट्टी, रिक्षा, कुत्रं असं सगळं भरलं की कानाला काय धरावं ते कळत नाही.

लिहून झालेला भाग दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि आपण डोळे मिटून ऐका. ॲग्नेस निक्सन पुढे स्वतः मोठ्या मालिकाकार झाल्या, पण कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी फिलिप्सबाईंशी त्यांची भेट ठरवली होती. बाई पोरीच्या डोक्यातलं लेखनाचं खूळ काढतील आणि ती आपल्या धंद्यात येईल, असा त्यांचा डाव. बाईंनी मुलीसमोरच तिची संहिता मोठ्याने वाचायला घेतली, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे काम करशील का, असं विचारलं. ॲग्नेसबाईंनी ‘वुमन इन व्हाइट’पासून सुरुवात केली. वडिलांचा धंदा अंत्यविधीच्या कपड्यांचा होता.

सहावी पायरी: सुरुवात, शेवट आणि मधला ऑर्गन

त्या मालिकांत निवेदक आधी मागचं दोन-चार वाक्यांत सांगे, मग ऑर्गनचे सूर, मग प्रसंग. प्रसंग बदलला की पुन्हा ऑर्गन. स्टुडिओत सगळं थेट चालायचं आणि एक वादक अख्ख्या वाद्यवृंदाचं काम करायचा, त्यामुळे ऑर्गन स्वस्तही पडे. तुम्हीही एकच वाद्य घ्या. पेटी, सतार, बासरी, काहीही, पण एकच. ओळखीच्या वादकाकडून दहा-पंधरा छोटे तुकडे वाजवून घ्या आणि वापरायची लेखी परवानगी घ्या. चित्रपटगीताची धून नको, तक्रार आली की भागच उतरवावा लागतो.

मागील कथा चाळीस सेकंदांपलीकडे नेऊ नका, आणि ती सांगताना ‘काय झालं’ऐवजी ‘कोण अजून अंधारात आहे’ ते सांगा. ‘नलूमावशींना डब्याचा संशय आलाय. मेधा मात्र अजून काही बोललेली नाही.’ बस.

इथे बाईंचं अनुकरण करू नये अशी एक गोष्ट सांगून टाकतो. शिकागोचे धर्मोपदेशक प्रेस्टन ब्रॅडली यांच्या प्रवचनांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि ‘द गायडिंग लाइट’चा कधी कधी अख्खा भाग रेव्हरंड रुथलेजच्या प्रवचनातच जाई. तेव्हाच्या श्रोत्यांनी ते ऐकलं, पसंतही केलं. आज निवेदकाने दोन वाक्यांचा उपदेश केला तरी अंगठा पुढच्या भागाकडे जातो.

सातवी पायरी: जाणकाराला विचारा

डॉक्टर-वकिलांच्या गोष्टी लिहायच्या म्हणून बाई खऱ्या डॉक्टरांचा आणि वकिलांचा सल्ला घेत. तुमच्या मालिकेत नर्स असेल तर एका नर्सला तिची पाळी कशी बदलते, हँडओव्हर (पुढच्या पाळीकडे काम सोपवणं) कसा देतात, एवढं विचारा. अर्ध्या तासात महिनाभराचा तपशील मिळतो. नाव मात्र वापरू नका आणि तिच्या कुठल्याही पेशंटची खरी हकिकत तशीच्या तशी उचलू नका.

आठवी पायरी: कागद

ही पायरी बाईंना सगळ्यात महागात पडली.

‘पेंटेड ड्रीम्स’ चालायला लागल्यावर ती मोठ्या नेटवर्कवर न्यावी, अशी त्यांची इच्छा होती. डब्ल्यूजीएनने नकार दिला. मालिका आमची, असं स्टेशनचं म्हणणं. १९३२ मध्ये बाईंनी स्टेशन सोडलं आणि हक्कासाठी खटला केला. तो कित्येक वर्षं रेंगाळला आणि शेवटी त्या हरल्या, कारण नोकरीत असताना, मालकाच्या सांगण्यावरून केलेलं काम मालकाचं, असं न्यायालयाने मानलं. दरम्यान त्यांनी शिकागोतल्याच डब्ल्यूएमएक्यू स्टेशनवर ‘टुडेज चिल्ड्रन’ सुरू केली. आई तीच, नाव वेगळं. तेव्हापासून मालिकेची मालकी आपल्याकडे ठेवायची आणि प्रायोजकाशी व्यवहार आपणच करायचा, हा त्यांनी नियम केला. त्या काळात बायकांना रेडिओत आवाज द्यायला बोलावत, करार ठरवायला नाही. हे लक्षात घेतलं तर ही त्यांची कामगिरी मला कुठल्याही कथानकापेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडचा कायदा यापासून फार लांब नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा ठरतो. म्हणून पगारी नोकरीत असाल आणि मालिका स्वतःची म्हणून लिहीत असाल, तर ती कामाच्या वेळेत, कंपनीच्या संगणकावर लिहू नका, आणि वरिष्ठांकडून तसा ईमेल घेऊन ठेवा. नोकरीत नसाल आणि एखादं ॲप किंवा निर्माता मालिका घेत असेल, तर कलम १९ वाचा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ‘कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत’ हे शब्द करारात दिसले की थांबा.

माध्यमं एक एक करून लिहा. फक्त श्राव्य हक्क देताय की दृश्य, पुस्तक, भाषांतर सगळंच? ‘द गायडिंग लाइट’ सुरू झाली तेव्हा टीव्ही मालिकांचा विचार कोणाच्या मनात नव्हता. पंधरा वर्षांनी, ३० जून १९५२ ला, ती टीव्हीवर आली आणि १९५६ पर्यंत रेडिओवरही चालूच होती. तीच संहिता दिवसातून दोन माध्यमांसाठी सादर व्हायची. माध्यम बदललं की आपोआप चालतं असंही नाही. बाईंची १९४९ सालची टीव्ही मालिका ‘दीज आर माय चिल्ड्रन’ महिनाभरही टिकली नव्हती.

आणखी दोन गोष्टी. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या संहितेला असतो. त्यामुळे चहा पिता पिता ‘कॉन्सेप्ट’ ऐकवत बसू नका. पहिले दहा भाग आणि पात्रांची टिपणं तारखेनिशी लिहून काढा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना संहिता नोंदवता येते, मालकीचा वाद झाला तर तारीख दाखवायला तिचा उपयोग होतो. आणि मित्राबरोबर लिहीत असाल तर कोणाचा वाटा किती, हे पहिला भाग बाहेर जाण्याआधी एका कागदावर लिहा. सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा, त्याची फी मायक्रोफोनपेक्षा जास्त झाली तरी.

नववी पायरी: मदतनीस, साठा आणि संपवणं

त्या काळी माणसं लावून मालिका काढायची एक दुसरी पद्धतही होती. फ्रँक आणि ॲन हमर्ट हे जोडपं कथानकाचे आराखडे करायचं आणि संवाद लिहायला पगारी लेखक बसवायचं. भराभर माल निघायचा. फिलिप्सबाईंनी बराच काळ स्वतः बोलूनच लिहिलं, पुढे मदतनीस घेतले. त्यांच्या हाताखालचे विल्यम बेल आणि ॲग्नेस निक्सन यांनी नंतर अमेरिकी टीव्हीवर स्वतःच्या मालिका उभ्या केल्या. मदतनीस घेतलात तर संवाद त्याला द्या, पण ‘कोणाला काय माहीत’ ही वही आपल्याच हातात ठेवा.

संपवायचं कसं, हेही आधी ठरवा. ‘टुडेज चिल्ड्रन’मधली मदर मोरन बाईंनी आपल्या आईवर बेतली होती. आई गेल्यावर त्यांनी ती मालिका चांगली चालू असताना बंद केली आणि त्या जागी ‘वुमन इन व्हाइट’ आणली. याउलट ‘द गायडिंग लाइट’ १९४१ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा श्रोत्यांनी पत्रांचा असा भडिमार केला की १९४२ मध्ये ती परत सुरू करावी लागली. आजचा श्रोता पत्र लिहीत नाही, नुसता निघून जातो. म्हणून अडीच-तीन महिन्यांचं पर्व आखा, शेवटच्या आठवड्यात मुख्य बातमी सगळ्यांना कळू द्या, आणि पर्व संपतंय हे निवेदकाच्या तोंडून स्पष्ट सांगा.

पहिला भाग सोडण्याआधी वीस भाग रेकॉर्ड होऊन पडलेले असावेत. घरात आजारपण येतं, कलाकाराचा घसा बसतो, शेजारी टाइल्स बदलायला काढतात. आठवड्याला पाच भाग बाहेर जात असतील आणि चारच लिहून होत असतील, तर वीसचा साठा वीस आठवडे पुरतो. पर्व त्याआधीच संपतं, आणि मधल्या सुट्टीत पुढचा साठा करता येतो.